केवळ नोकरीनिमित्त

३ फेब्रुवारी १९६९, सोमवार

डॉर्सेटला यंदाही करमाफी मिळाली. आमच्या करकचेरीच्या किआसोन सरांनी त्याचा अर्ज वाचलासुद्धा नाही. तोंडाने कोंबड्यांच्या झुंजीबद्दल बोलत होते आणि हाताने सही करत होते. मी शेजारी उभी. माझं काम काय, तर शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवायचा. याचसाठी मी पदवी घेतली.

अमेरिकन आरमारी तळाचा करार माझ्याच वयाचा आहे. त्यात लिहिलंय की जो अमेरिकन नागरिक केवळ तळावरच्या नोकरीनिमित्त आपल्या देशात राहतो, त्याच्या तिथल्या पगारावर आपण प्राप्तिकर लावायचा नाही. ठीक आहे, केलात करार. पण मग त्यातलं 'केवळ' कुणी वाचणार आहे की नाही? हा माणूस युद्ध संपल्यापासून इथे आहे. बायको आमच्याच गावची. तिच्या नावावर मुख्य रस्त्यावर दोन दारूची दुकानं, डोंगराखाली डुकरांचा गोठा. गावातल्या निम्म्या बारशांना हा धर्मपिता म्हणून उभा असतो. मी धीर करून त्याला विचारलं की नोकरी संपल्यावर काय करणार. म्हणाला, "पोरी, त्याच दिवशी विमानात बसेन." मी विचारलं, रजेवर कधी अमेरिकेला जाता का. त्यावर हसला. "तिकडे कोण बसलंय माझं?" सरही हसले.

ताताय, माझे वडील, तळावर त्याच्याच शेडमध्ये होते. ते जहाजांचा गंज खरवडायचे आणि डॉर्सेट खुर्चीवर बसून बघायचा. तातायच्या पगारातून कर आधी कापला जायचा, उरलेलं पाकीट घरी यायचं. डॉर्सेटच्या पगाराला कुणी हात लावला नाही. तो गंज छातीत भरून ताताय गेले. डॉर्सेटची तब्येत उत्तम आहे.

संताप होतो. जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार संध्याकाळी बसून टिपण लिहिलं आणि आज सरांच्या टेबलावर ठेवलं. मुद्दा साधा आहे. माफी मागणारा खरोखर केवळ नोकरीनिमित्त इथे राहतो का, हे तपासा. त्याचं घर कुठे आहे, घरची माणसं कुठे आहेत, गावात त्याला काय म्हणून ओळखतात, हे बघा. ज्याची मुळं इथे गेली आहेत त्याने इथला कर भरावा. शेवटी लिहिलं की प्रत्येकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारा: उद्या नोकरी संपली तर कुठे जाल?

मला वाटलं होतं, सर हसतील. त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. म्हणाले, अशी मुलं या कचेरीत आधी यायला हवी होती. मग घरची चौकशी केली. कोण कोण असतं, घर स्वतःचं का, भाऊ काय करतो. मी सगळं सांगितलं. आईबद्दल, म्हणजे नानायबद्दल, थोरल्या भावाने, कुयाने, बांधलेल्या घराबद्दल, आमच्या घरात पहिली पदवी माझी हेही. इतक्या आपुलकीने कुठल्या साहेबाने आजवर मला काही विचारलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेहून आल्यावर सगळे एकत्र जेवलो. सगळे म्हणजे नानाय, मी आणि कुया सेल्मो. कुया माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. विशी ओलांडायच्या आत अमेरिकन आरमारात भरती झाला. आरमारात म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणघरात. आमच्या मुलांना तेवढंच काम देत. ताटं मांडायची, बिछाने घालायचे, बूट चकचकीत करायचे. त्या बदल्यात नागरिकत्व. ताताय गेले तेव्हा आरमार सोडून परत आला आणि तळाच्या कोठारात अमेरिकन पगारावर लागला. आधी घर बांधलं, मग मला शिकवलं. लग्नाचं राहूनच गेलं. त्याचा पासपोर्ट कपाटात नानायच्या शालीखाली असतो. तो अमेरिकन आहे हे आमच्या कुणाच्या लक्षातही राहत नाही.

"या साहेबीणबाई," म्हणाला, "या आठवड्यात कुणाची गठडी वळलीत?"

मी टिपणाबद्दल सांगितलं. तो नानायच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होता. काढायचा थांबला.

"म्हणजे आई असली की कर, असंच ना?"

मी हसून म्हटलं, आई, घर, गाव, सगळंच.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला आणि पुन्हा काटे काढू लागला. मग भात अर्धा टाकून कोंबड्याला दाणे घालायला उठला. हल्ली कोठारात माल फार येतो म्हणे. थकलेला दिसतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मनिलाच्या मुख्य कचेरीला माझं टिपण आवडलं. माफीवाल्यांची सगळी यादी पुन्हा तपासायची, असा हुकूम आला आहे. मी अख्ख्या कचेरीला शेवया खाऊ घातल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या की फार उडू नकोस. त्यांनी आयुष्यभर शिक्के मारले, त्यांना काय कळणार.

५ मार्च, बुधवार

यादीतलं पहिलं प्रकरण सरांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं. वर नाव: आन्सेल्मो दुम्लाओ.

मी म्हटलं, "सर, हा माझा भाऊ आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर आधी तुला दाखवतोय. दुसऱ्याकडून कळायला नको."

मी विचारलं, डॉर्सेट का नाही? सर शांतपणे बोलले. डॉर्सेटला हात लावला की तळाचा कमांडर मनिलाला फोन करतो आणि मनिला सरांना. पहिलं प्रकरण असं हवं की ते वर टिकेल, त्यासाठी कुणी फोन करणार नाही. एकदा ते टिकलं की त्याच्या आधारावर बाकीच्यांना धरता येईल. शिवाय तुझ्याच टिपणातल्या सगळ्या कसोट्यांवर हा माणूस बसतो, म्हणाले. घर, आई, आणि यंदाच्या जत्रेचा खर्चही त्यानेच उचललाय ना? सुनावणीत नोंद मीच घ्यायची. म्हणजे बहिणीने भावाला झाकलं असं कुणी म्हणणार नाही.

त्यांचं सगळं पटतं आणि तरी वाटतं की टेबल उलटं करावं.

पण खरा राग कुयाचा. परत आल्यापासून दरवर्षी त्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलंय: केवळ नोकरीनिमित्त. हे अक्षर आरमारात घडलं, अधिकाऱ्यांच्या जेवणाची पत्रकं लिहून. तातायच्या पगारातून कराची पै न पै कापली गेली आणि त्यांच्या मुलाने डॉर्सेटच्या रांगेत उभं राहून माफी मागितली. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी मूर्खासारखी त्याच्यासमोर बसून मुळं, गाव, आई असलं काहीबाही बोलत राहिले.

९ मार्च, रविवार

नानाय शेजारी गेली होती. मी कुयाला धरलं. तातायचं नाव काढलं, लाज वाटत नाही का विचारलं. तो चाकूला धार लावत होता, वर बघितलंच नाही.

म्हणाला, "अमेरिकन म्हणून मला काय काय मिळालं सांग बघू. ते मला बोलावतात 'ए पोरा'. क्लबात मागच्या दाराने सोडतात. एवढी एक माफी मिळाली, ती मी घेतली. त्यातून तुझी फी गेली."

मी आवाज चढवला. सुनावणीत खोटं बोलणार आहेस का, असं विचारलं.

"एका वाक्याचं काम आहे. नोकरी आहे म्हणून इथे आहे, नोकरी संपली की जाईन. ते सगळे म्हणतात, मीही म्हणेन. इंग्रजीतच तर म्हणायचं."

"ते खरं नाही, कुया."

"डॉर्सेटचं खरं आहे?"

मग त्याने चाकू खाली ठेवला आणि हिशेब मांडला. माफी गेली तर मागच्या सगळ्या वर्षांचा कर, वर दंड. घर विकलं तर फिटेल, नाहीतर इथल्या पगारात नाही. घर विकायचं नाही, हे त्याने मी न विचारताच सांगितलं. नानायने खिडकीखाली लावलेल्या लिंबाला आता कुठे फळ धरतंय.

मी ठरवलंय. खोटं मी त्याला शिकवणार नाही, पण तो बोलला तर जसंच्या तसं लिहून घेईन. तत्त्व सोडल्यासारखं होतं का हे? होत असेल. डॉर्सेट बाहेर आणि कुया आत, हे कसलं तत्त्व?

१६ मार्च, रविवार

एक मार्ग सुचलाय. आमच्याकडे अशा कामाला कुणी एकटं जात नाही. जन्माचा दाखला काढायचा तरी मावश्या बरोबर येतात. मग एवढ्या मोठ्या सुनावणीला कुयाने एकट्याने का जावं? नानायला नेऊ. किआसोन सरांना काळीज आहे. कुणाच्या घरावर सही करतोय ते त्यांना समोर बसलेलं दिसू दे. कागदावरच्या नावाला तोंड नसतं.

कुया नको म्हणाला. मी कारण विचारलं तर म्हणाला, उकाडा फार, तिथे तिला काय कळणार, सगळं इंग्रजीत. मी म्हटलं की कळलं नाही तरी बसेल. तो पुन्हा नको म्हणाला. या माणसाचं कधीकधी डोकं फिरतं. दहा गावांत ज्याला त्याला सांगत फिरेल की माझी आई अशी, माझी आई तशी, आणि आईची खरी गरज आहे तिथे तिला दाराआड ठेवणार.

"तुला तिची लाज वाटते का रे?" मी विचारलं.

तो जायला उठला. मग म्हणाला, "ने मग."

नानायने लगेच तांदूळ भिजत घातले. साहेबासाठी बिबिंगका, तांदळाचा गोड केक, करणार आहे. ठेवणीतला झगा वाऱ्यावर टाकलाय, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून.

२० मार्च, गुरुवार

जे झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर हात नुसते आपटत राहतील.

कुया पांढरा सदरा इस्त्री करून आला होता. नानाय केळीच्या पानात बांधलेली बिबिंगका मांडीवर घेऊन बसली. सर आत आले आणि आधी नानायकडे गेले. वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला, घरच्या वडीलधाऱ्यांचा लावतात तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जिंकलो.

मग इंग्रजीत सुरू झालं. कुठल्या साली भरती, नागरिकत्व कधी, पगार कोण देतं. कुया आरमारात देतात तशी उत्तरं देत होता, पाठ ताठ, होय सर, नाही सर. घर कशासाठी बांधलं? राहायला जागा हवी होती, सर. लग्न? नाही, सर. सगळं नीट चाललं होतं. नानाय ताडपत्राच्या पंख्याने वारा घेत होती आणि कुणीही तिच्याकडे बघितलं की हसत होती.

शेवटचा प्रश्न आला तेव्हा सरांनी कागद मिटले. खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या भाषेत विचारलं, सावकाश, मोठ्याने. मला ते फार आवडलं. इतका वेळ बिचारी नानाय नुसतीच बसली होती. तिलाही कळावं, एवढं त्यांच्या मनात आलं.

"सेल्मो, उद्या तुझी तळावरची नोकरी संपली, तर काय करशील? आईला इथे ठेवून अमेरिकेला जाशील?"

नानायचा पंखा थांबला.

मी पेन टेकवलं होतं. काय लिहायचं ते मला ठाऊक होतं. कुयाने तोंड उघडलं. मग मिटलं. जमिनीकडे बघितलं, आरमारात कधी कुणी बघत नसेल असं, खांदे पाडून.

"कुठे जाणार, सर," तो आपल्या भाषेत म्हणाला. "माझी आई इथे आहे."

"म्हणजे इथेच राहशील."

"इथेच राहीन."

नानायने मान डोलावली आणि पुन्हा वारा घेऊ लागली. सरांनी मला सांगितलं, लिहून घे. मी लिहून घेतलं. मग सरांनी बिबिंगका खाल्ली आणि गोड छान झालीय म्हणाले.

एक वाक्य. डॉर्सेट तेच वाक्य जांभई देत म्हणतो. घरी पाठ करून आलेला माणूस ऐन वेळी असा कसा ढेपाळतो? परत येताना जीपमध्ये मी त्याच्याशी बोलले नाही. नानाय खुशीत होती. तिने वाटेत पेरू घेतले.

३१ मार्च, सोमवार

निकाल लागला. माफी रद्द, मागच्या वर्षांचा कर दंडासह. निकालात माझ्या टिपणातली वाक्यं जशीच्या तशी घातली आहेत. 'ज्याची मुळं इथे गेली आहेत.' सरांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, वर तुझं नाव कळवलंय.

मी हात धुतले. साबण संपेपर्यंत.

घरी कुयाला म्हटलं की तू हे स्वतःच्या हाताने केलंस. तो म्हणाला, "हो, माझ्याच." आणि लिंबाला पाणी घालायला गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल, सोमवार

सरांना विचारलं की आता पुढचं प्रकरण कधी. पहिलं तर टिकलं. वरून कुणाचा फोन आला नाही.

"बघू," म्हणाले.

मी म्हटलं, डॉर्सेटचा कागद मी काढून ठेवलाय. ते म्हणाले की तो परत कपाटात ठेव. मी ठेवला नाही. टेबलावरच ठेवला, त्यांच्यासमोर. मग त्यांनीच उठून ठेवला. जाताना म्हणाले की एवढ्या तरुण वयात एवढं नाव कमावलंस, ते सांभाळ.

दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नाही. शेजारच्या बाईंनी फक्त पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

४ मे, रविवार

कुयाने जेवताना सांगितलं. सान दिएगोच्या आरमारी कोठारात बदली मागितली होती, ती मिळाली. तिथे पगार जास्त. कर फिटेल आणि घर राहील.

नानायने विचारलं, किती दिवसांसाठी. तो म्हणाला, फिटेपर्यंत. तिने विचारलं, काय फिटेपर्यंत. मग त्याने विषय बदलून जत्रेचं काढलं. पैसे भरलेत, सगळं ठरल्यासारखं होईल, बॅंड मात्र चांगला सांगा, म्हणाला.

मी बाहेर येऊन त्याला म्हटलं की जाऊ नकोस, अपील करू, मी लिहिते, मी मनिलाला जाते. तो हसला. सगळ्या भानगडीत पहिल्यांदा हसला.

"तुझ्या कचेरीने लिहून दिलंय की मी इथलाच आहे, रेमी. इथलाच राहून ते फेडणं मला परवडत नाही."

१८ मे, रविवार

परवा कुया गेला. विमानतळावर त्याने नानायचा हात कपाळाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मागची माणसं खोळंबली. मला म्हणाला, "नोकरी सोडू नकोस. फी वाया जाईल."

सोडणार नाही. राजीनामा देऊन किआसोन सरांची सोय करायची नाही, एवढं माझं ठरलंय. रोज जाईन, रोज तेच कागद त्यांच्यासमोर ठेवीन. त्यांना माझा कंटाळा येईपर्यंत, आणि आल्यावरही.

आज जेवणं झाल्यावर नानाय भांडी पुसत होती. अचानक म्हणाली, "त्या दिवशी साहेबाने विचारलं, तेव्हा सेल्मोने काय म्हणायला हवं होतं?"

मी टाळलं. तिने पुन्हा विचारलं. मग सांगितलं. नोकरी आहे म्हणून इथे आहे, नोकरी संपली की जाईन. एवढंच.

"असं म्हणाला असता तर?"

"तर आज इथे असता."

तिने हातातली वाटी पुसली, फळीवर ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा पुसली.

"मी तिथे बसले होते, रेमी," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर कसं म्हणेल तो?"

मी ताटं उचलून फळीवर ठेवू लागले.

"मला कशाला नेलंस?"

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर मी काहीतरी म्हटलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती फडकं हातात धरून वाट बघत उभी होती. सरांना ती दिसावी म्हणून मी तिला नेलं होतं.

त्यांना दिसली.